तिसरी मागणी आणि अण्णांचा खांदा

पत्रकात मागण्या तीनच हव्यात, असा आमच्या मंडळाचा नियम होता. दोन लिहिल्या तर वाचणाऱ्याला वाटतं, यांचं फारसं काही अडलेलं नाही. चार लिहिल्या तर तो चौथीपर्यंत पोचत नाही. मंडळ म्हणजे कॉलेजातले आम्ही सात-आठ जण. नळाला पाणी कधी येतं इथपासून लायब्ररीला कुलूप का असतं इथपर्यंत आम्ही कशावरही पत्रक काढायचो. हिंदीत, परकोट्यातल्या, म्हणजे जयपूरच्या तटबंदीच्या आतल्या, एका पायाने चालवायच्या ट्रेडल प्रेसवर, मिळेल त्या स्वस्त पिवळ्या कागदावर. त्यातली निम्मी मी लिहिलेली असायची. माझी भाषा काही थोर नव्हती, पण मला राग वेळेवर यायचा.

साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात या तीनाच्या नियमापायी मी माझ्या वडिलांचा खांदा घालवायच्या बेतात होते. ती हकीकत मीच लिहून ठेवते. दुसऱ्या कोणी लिहिली तर मला सांभाळून घेईल, आणि ते मला नको आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जयपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. साताऱ्याहून इथे येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, तरी त्यांची हिंदी अजून साताऱ्यातच होती. मुलांना ती फार आवडायची. त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा आखडला. पडले नाहीत, कुठे आपटले नाहीत. एका सकाळी हात छातीच्या वर जाईना, बस. घरात आधी हसू झालं. शर्ट आई चढवून द्यायची. भांग ते डाव्या हाताने पाडायचे, त्यामुळे तो रोज वेगळ्या गावाला जायचा.

कॉलेजात मात्र हसू टिकलं नाही. हात वर जात नाही म्हटल्यावर अण्णा फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहू लागले. तो भरला की वाकून, मग गुडघे टेकून अगदी कडेपर्यंत. मागच्या मुलांना दिसेना म्हणून ती उभी राहायची. त्यांच्या मागची बाकांवर चढायची. एप्रिलमध्ये विभागप्रमुख व्हरांड्यातून जात होते, त्यांनी आत डोकावून पाहिलं तर प्राध्यापक भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर, आणि चाळीस मुलं बाकांवर उभी. त्यांना वाटलं, वर्गाने प्राध्यापकाला शिक्षा केली आहे.

खरं काय ते कळल्यावर त्यांनी अण्णांना खोलीत बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं: जुलैत कॉलेज उघडेल तेव्हा हात फळ्याच्या वरच्या ओळीला पोचला पाहिजे. नाही पोचला तर परीक्षा कार्यालयात जागा आहे. बैठक व्यवस्था, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, शांत काम.

अण्णा घरी येऊन आईला म्हणाले, “गठ्ठे बांधायला ठेवतायत मला.”

“मग काय झालं? पगार तोच ना?”

“पगार तोच. पण गठ्ठ्यांना शंका नसतात गं.”

त्या रात्री ते जेवले नाहीत. अण्णा जेवले नाहीत, हे आमच्या घरात आधी कधी घडलं नव्हतं.

एका धर्मादाय इस्पितळात नवीन परदेशी मशीन आलं आहे, असं कोणीतरी सांगितलं. कुणा शेठजींनी ते दान दिलं होतं आणि ज्या खोलीत ते होतं तिला सगळे ‘बिजलीवाला कमरा’ म्हणायचे. त्या खोलीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई निघाल्या सांगलीकडच्या. अण्णांचा हात त्यांनी धरून फिरवला, अण्णांच्या तोंडून जे शब्द आले ते मी पहिल्यांदाच ऐकले, आणि बाई म्हणाल्या, “गोठलाय खांदा. व्यायाम रोज दोनदा, दुखलं तरी. आणि आठवड्यातून तीनदा इथे यायचं, लहरी द्यायला.” एवढं सांगून त्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला दीड महिन्याच्या रजेवर निघून गेल्या. आमची पुढची सगळी गडबड त्या दीड महिन्यात बसते.

मशीन चालवायला एक मध्यमवयीन गृहस्थ होते. सगळे त्यांना मशीनवाले भैया म्हणायचे. मशीन म्हणजे करड्या रंगाची पेटी, तिला एक काटा, एक घड्याळ, आणि वायरीच्या टोकाला चपट्या तोंडाची धातूची मूठ. भैया अण्णांच्या उघड्या खांद्यावर बाटलीतून तेल ओतायचे, मूठ टेकवून गोल गोल फिरवत राहायचे, आणि घड्याळ टणकन वाजलं की एका फडक्याने तेल पुसायचे. झालं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “ये करता क्या है?”

“आवाज़ डालता है, बहनजी.”

“मला तर काही ऐकू येत नाही.”

“किसी को नहीं आती.”

माझ्यासारखीला एवढं पुरे होतं. जो आवाज कोणालाच ऐकू येत नाही तो आवाज आहे असं म्हणतं कोण? मशीन विकणारा! आणि ते गोल गोल फिरवणं! सरकारी कचेरीत शिक्का शोधतात तसं, वेळ काढायला! पत्रकाची पहिली ओळ माझ्या डोक्यात तयारसुद्धा झाली. पण अण्णांचा हात वर जाऊ लागला. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ न टेकता हात जितका वर जाईल तिथे ते पेन्सिलीने रेघ मारायचे. तीन आठवड्यांत रेघ छातीपासून भुवयांपर्यंत आली. गुण देणाऱ्या गोष्टीविरुद्ध पत्रक काढणं अवघड असतं. म्हणून मी मशीन सोडलं आणि मोर्चा इस्पितळाच्या व्हरांड्याकडे वळवला.

व्हरांड्यात खुर्च्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून आलेली माणसं जमिनीवर बसायची आणि बसल्यावर त्यांना उठता यायचं नाही. पहिली मागणी: बाकं द्या. पाण्याचा माठ होता, पण त्याला पेला एकच. दुसरी मागणी: पेले द्या. तिसरी काही सुचेना. प्रेसचा माणूस दारात उभा, पत्रक संध्याकाळच्या आत लागायला हवं. डोळे मिटून बिजलीवाला कमरा आठवला, तर समोर आली ती तेलाची बाटली. एकच बाटली! सगळ्या रोग्यांना! चिकट, बुचाशिवाय! मी लिहिलं, ‘तिसरी मागणी: रोग्यांच्या अंगावर सार्वजनिक तेल ओतणं ताबडतोब बंद करा.’ खाली तीन उद्गारचिन्हं. आम्ही उद्गारचिन्हंसुद्धा तीनच द्यायचो.

इस्पितळाच्या मॅनेजरने पत्रक वाचलं. बाकांना पैसे लागतात, पेल्यांनाही लागतात. तेल बंद करायला काहीच लागत नाही. दोन दिवसांत सूचनाफलकावर कागद लागला: जनतेच्या मागणीवरून तेलाचा वापर थांबवण्यात आला आहे.

मंडळात माझा सत्कार झाला. कचोरी होती.

भैया तेवढे मला दारात अडवून म्हणाले, “बहनजी, बिना तेल के आवाज़ अंदर नहीं जाएगी.”

मी हसले. खरंच हसले, तोंडावर. आवाजाला आत जायला तेल? दाराच्या बिजागरीसारखं? घरी येऊन मी दुसरं पत्रकसुद्धा लिहून टाकलं. ‘कोरड्या कातडीवर मूठ अडखळत असेल तर स्वच्छ टाल्कम पावडर वापरा, पण तेलाची जुनी व्यवस्था परत आणण्याचे डाव चालणार नाहीत.’ मॅनेजरला हेही पसंत पडलं. शेठजींच्या कुठल्याशा दुकानात पावडरचे डबे पडून होते.

आणि काय सांगू, पावडर फारच लोकप्रिय झाली. कपड्यांना डाग नाहीत. बिजलीवाल्या कमऱ्यातून माणसं मोगऱ्याचा वास घेऊन बाहेर पडायची. शिवाय मूठ आता छान गरम लागायची. आधी तेलात ती जेमतेम कोमट असे. “आता खरं काम करतंय बघ,” अण्णासुद्धा म्हणाले. भैया मात्र मधेच मशीन बंद करून मुठीवर फुंकर घालायचे आणि आमच्याकडे न बघता म्हणायचे, “इसको साँस लेने दो.”

चौकटीवरची रेघ भुवयांवर थांबली. आठवडाभर तिथेच. मग नाकावर आली. अण्णा गणिताचे, त्यांनी आलेख काढला. जेवणाच्या ताटाशेजारी तो ठेवून ते बघत बसायचे. चढती रेषा, मग सपाट, मग उतार. आई म्हणाली, “सारखं बघून काय वर जाणार आहे का ते?” अण्णा म्हणाले, “काय बदललं ते शोधतोय. पंचवीस मेपर्यंत सगळं ठीक होतं.”

पंचवीस मे हा माझ्या विजयाचा दिवस.  खरं सांगते, मला तोपर्यंत दोन्हींचा संबंधच लागला नव्हता. मला वाटत होतं, अण्णा व्यायामात टंगळमंगळ करतात. मी त्यांना तसं सुनावलंही. ते बिचारे दिवसातून चार वेळा भिंतीवर बोटांनी चढू लागले, आणि दुखलं की आईला ऐकू जाऊ नये म्हणून मोठ्याने पाढे म्हणू लागले. आमच्या शेजारणीला वाटलं, गुरुजींनी घरी शिकवण्या सुरू केल्या.

जूनच्या मध्यावर डॉक्टरीणबाई परत आल्या. अण्णांचा हात वर करून पाहिला, पेटीशेजारचा पावडरचा डबा पाहिला, डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

“हे काय आहे?”

“पावडर,” भैया म्हणाले.

“ते दिसतंय. कोणाची कल्पना?”

भैयांनी माझ्याकडे बघितलं नाही. फार सभ्य माणूस. पण अण्णा अभिमानाने म्हणाले, “आमच्या मुलीची. तिनेच चळवळ केली.”

बाईंनी मला समोर स्टूल दिलं नाही. उभंच ठेवलं.

“तुला भैयांनी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं. आवाज आत जाणार नाही म्हणाले.”

“मग तू ‘का’ असं विचारलंस?”

“नाही.”

“मग काय विचारलंस?”

“बाटली किती दिवसांनी धुता ते.”

बाईंनी मूठ उलटी धरली, तोंड वर. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि भैयांना बटण दाबायला सांगितलं. थेंब आधी थरथरले, मग मधोमध उंचवटा आला, आणि त्यातून बारीक तुषार उडाले. आधण नाही, वाफ नाही, आवाज तर मुळीच नाही. थंड पाणी आपलं आपणच नाचत होतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतके दिवस मी त्याच खोलीत बसून जे नाही म्हणत होते, ते हे होतं.

“आवाज म्हणजे धक्का,” बाई म्हणाल्या. “या मुठीत एक स्फटिक आहे. वीज दिली की तो फुगतो, आकसतो. सेकंदाला दहा लाख वेळा. आपला कान वीस हजारांच्या आसपास हात टेकतो.”

“आणि कुत्र्याचा?” अण्णांनी विचारलं. त्यांना शंका आली की त्यांचा चेहरा उजळतो.

“कुत्राही टेकतो हो. आता हात धर इथे.” त्यांनी माझा तळवा मुठीच्या वर दोन बोटं अंतरावर धरला. काही नाही. “लागतंय?”

“नाही.”

“आता इथे.” वाडग्यात पाणी घेतलं, मूठ त्यात बुडवली, समोर माझी बोटं बुडवली. अंतर तेवढंच. आणि बोटांना हलकेच कोणी ढकलावं तसं काहीतरी लागलं, मग ऊब.

“पाण्यातून येतो, हवेतून येत नाही. इतक्या बारीक लाटा, बाजरीच्या दाण्याएवढी एकेक लाट. अंगात शिरल्या तर पाण्यात जातात तशा जातात, कारण आपण म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. पण वाटेत हवा आली की तिथूनच परत. हवा विरळ, मांस दाट; त्या दोघांचं काही जमत नाही. आणि हवा किती लागते माहितीये? कागदापेक्षा पातळ थर पुरतो. मूठ कातडीला टेकलेली दिसते, पण मध्ये लव असते, सुरकुत्या असतात. त्यातली हवा हाकलायला तेल. आणि तू काय टाकलंस? पावडर! प्रत्येक कणाभोवती हवा! आवाज सगळा मुठीत परत. म्हणून तर ती तापते.”

“म्हणजे ते गरम...” अण्णा म्हणाले.

“मशीन स्वतःलाच शेकत होतं, सर. तुम्हाला नुसती त्याची ऊब.”

“आणि ते गोल गोल फिरवणं?” मी विचारलं. विचारायला उशीर झाला होता, पण विचारलं.

“एका जागी धरलं तर आत एकच ठिकाण तापतं. हाडापाशी तर चटका बसतो.”

मी मान खाली घातली. बाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी दाराला टांगलेलं फडकं दोन बोटांनी उचलून माझ्या नाकासमोर धरलं. ते एके काळी पांढरं असावं.

“आणि स्वच्छताच हवी होती ना तुला? मग हे! याने चाळीस माणसं पुसतात! यावर का नाही लिहिलंस?”

 फडकं मी प्रत्येक खेपेला बघत होते. पण बाटली दिसायला अधिक गुन्हेगार होती.

तेल लगेच सुरू करावं, तर मॅनेजर आडवा आला. फलकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, “जनतेने बंद केलं. जनतेने लेखी मागितलं तर चालू करू. निदान पंचवीस सह्या.” जुलैला दोन आठवडे उरले होते. मी म्हटलं, पंचवीस काय, पन्नास आणते.

एकही मिळाली नाही.

व्हरांड्यातल्या जमिनीवर बसलेल्या एकेका माणसापुढे मी उकिडवी बसले आणि सांगितलं की पावडर फसवी आहे. लोक माझ्याकडे दयेने बघत होते. “तुम्हीच तर सांगितलं होतं, तेल वाईट.” “हो, मीच, आणि माझं चुकलं.” “मग आता बरोबर कशावरून?”  एक बाई म्हणाल्या, पावडरीने सून जवळ बसते, तेलाने बसत नव्हती. आणि या सगळ्यांचे पुढारी होते जोहरी बाजारातले एक म्हातारे जवाहिरे. खडे घासून घासून त्यांचा कोपर गेला होता. ते म्हणाले, “बाईसा, हमको तो गरम लगता है. मतलब काम हो रहा है.”

“ते गरम तुमच्यासाठी नाहीच आहे!” मी ओरडले. “आवाज आत जातच नाही. मध्ये हवा आहे. हवेवर आपटून तो परत फिरतो. तेल घातलं की हवा निघते, मग तो सरळ पार जातो. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही?” ती मला स्वतःला कळून तीन दिवस झाले होते, हे मी सांगितलं नाही.

म्हातारे मांडी बदलून म्हणाले, “फिर से बोलो.”

मी पुन्हा बोलले.

“ये तो पन्ने वाली बात हुई!”

आणि त्यांनी व्हरांड्यातल्या सगळ्यांना हाक मारून बोलावलं. ज्यांना उठता येत नव्हतं ते बसल्या बसल्या सरकत आले. म्हातारे सांगू लागले: पन्न्यात, म्हणजे पाचूत, बारीक भेगा असतात. भेगेत हवा असते. उजेड आत जातो, हवेवर आपटतो आणि परत येतो. म्हणून भेग चमकते आणि गिऱ्हाईक पळतं. “पन्ने को तेल पिला दो. हवा बाहर. रोशनी सीधी पार. दरार गायब!” त्यांनी दुखऱ्या हाताने टाळी द्यायचा प्रयत्न केला. “आवाज़ भी वही चाल चलती है, बस. अरे, हम उमर भर तेल लगाते रहे और यहाँ पाउडर मलवा रहे थे! बिरादरी में किसी को बताना मत.”

“म्हणजे तुम्ही भेगा तेल लावून लपवता?” मी विचारलं. माझा हात पेन्सिलीकडे गेला होता.

“बाईसा,” ते म्हणाले, “पहले कोहनी का पर्चा निपटाओ.”

त्या दुपारी एकतीस सह्या झाल्या. सुनेवाल्या बाईंनी सही करताना अट घातली की तेल पुसून झाल्यावर वरून थोडी पावडर मिळावी. ती मान्य केली.

सह्यांबरोबर पत्रक जोडायचं होतं. मी लिहिलं, माझी आधीची दोन्ही पत्रकं चुकीची होती. मंडळात यावर वादळ झालं. चळवळ माघार घेत नाही, म्हणे. मी म्हटलं, चळवळीचा खांदा दुखत नाहीये, माझ्या वडिलांचा दुखतोय. मग मागण्या. पहिली: तेल परत आणा. दुसरी: प्रत्येकाला धुतलेलं वेगळं फडकं. तिसरी काही सुचेना. पण यावेळी डोळे मिटून बसले नाही. सरळ जाऊन भैयांना विचारलं, “तुम्हाला काय हवं?”

ते मूठ पुसत म्हणाले, “बैठने को कुछ.” सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते उभ्याने खांदे आणि कोपर घासत होते, आणि त्या खोलीत महिनाभर बसून मला हे दिसलं नव्हतं. तिसरी मागणी: स्टूल.

मॅनेजरने तेल दिलं, स्टूल दिलं. फडक्यांचा विचार करू म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी त्याचा विचार दुसऱ्या दिवशी पूर्ण करून घेतला.

त्यानंतर बारा दिवस आमच्या घरात दुसरं काही चाललं नाही. बाईंनी एक दिवसाआड बोलावलं. घरी अण्णा भिंतीवर बोटांनी चढायचे, पाढे एकोणतीसपर्यंत गेले. लहरींनी किती झालं आणि त्या चढण्याने किती, हे मी सांगू शकत नाही. बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, “लहरी दार सैल करतात. ढकलायचं सरांनीच.” रेघ नाकावरून भुवयांवर, भुवयांवरून कपाळावर, आणि मग डोक्याच्या चार बोटं वर. अण्णांनी कॉलेजात जाऊन फळ्याची उंची सुतळीने मोजून आणली होती. शेवटच्या दिवशी अजून वीतभर कमी होतं.

“सांगू का त्यांना, वीतभर सोडा म्हणून?” आई म्हणाली.

“वरच्या ओळीला म्हणालेत. वरची ओळ म्हणजे वरची ओळ.”

“काय बाई ते गणित!”

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी नको म्हटलं तरी गेले. वर्गाच्या दाराशी व्हरांड्यात उभी राहिले. आत विभागप्रमुख मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. अण्णांनी खडू घेतला, फळ्याकडे तोंड केलं आणि हात वर नेला. तो थांबला तिथे मला कळलं, वीतभर कमी आहे. मग त्यांनी टाचा उचलल्या. पन्नाशीचा, धोतर नेसलेला माणूस चवड्यांवर उभा राहिला, शर्ट पाठीवर ताणला गेला, मान लाल झाली, आणि तोंडाने हळू आवाजात काहीतरी चालू होतं. मला ऐकू येत नव्हतं, पण तो एकोणतीसचा पाढा होता, मला माहीत आहे. खडू फळ्याच्या वरच्या लाकडी पट्टीला टेकला आणि तिथून त्यांनी पहिली ओळ लिहिली. डावीकडून उजवीकडे, न थांबता, चवड्यांवर सरकत.

विभागप्रमुख उठले. दाराशी माझ्याजवळ आल्यावर म्हणाले, “टाचांचं काही ठरलं नव्हतं.” मी तोंड उघडलं. माझी तयारी होती. दोन मागण्या तर तिथल्या तिथे सुचल्या. पण ते हसत होते. “गठ्ठ्यांसाठी दुसरा कोणीतरी बघतो,” म्हणाले आणि गेले.

अण्णा मागे वळले. घाम निथळत होता. त्यांची नजर मुलांवरून दारापर्यंत आली.

“काय गं, उभी का? ये, बस मागे. दिसतंय का सांग.”

मी सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. कोणीही उभं नव्हतं.

“दिसतंय,” मी म्हटलं. “पण अक्षर फार वाईट आहे.”

वर्ग हसला. अण्णा म्हणाले, “ते खांद्यामुळे नाही,” आणि फळा पुसून ती ओळ त्यांनी पुन्हा वरूनच लिहायला घेतली.